दीड वर्षाचं मूल दिवसभर कुणाकडे असतं?

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या कुठल्याही पाड्यावर सकाळी दहाच्या सुमारास जा. दारं उघडी असतात, पण घरात माणूस नसतं. बाया-गडी खाचरात वाकलेले असतात. पाड्यावर दिसतात त्या दोन-चार म्हाताऱ्या, कोंबड्या आणि सात-आठ वर्षांच्या पोरी. जवळपास प्रत्येक पोरीच्या कडेवर एक पोर. पोर रडलं की ती त्याला झुलवते, फारच रडलं तर सकाळच्या नागलीच्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातात देते. तो तुकडा ते चोखतं, टाकतं, पुन्हा उचलतं. आई उजाडताना गेलेली असते आणि दिवेलागणीला परत येते.

अंगणवाडी असते. बहुतेक वेळा पाड्यापासून लांब, मुख्य गावठाणात, आणि पावसात मधला ओहोळ भरला की आणखी लांब. ती उघडीही असते, सेविकाताई आलेल्या असतात, मदतनीस खिचडी शिजवत असते. पण सतरंजीवर बसायला यायची ती तीन ते सहा वर्षांची मुलं. दीड वर्षाच्या मुलाच्या नावावर तिथे फक्त एक पाकीट असतं.

आदिवासी मुलांच्या कुपोषणावर महाराष्ट्रात कमी बोललं गेलेलं नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, पाठोपाठ मेळघाट गाजलं, मग नंदुरबार, गडचिरोली, पुन्हा पालघर. जनहित याचिका झाल्या, समित्या बसल्या, मंत्र्यांचे ताफे पाड्यांवर धूळ उडवून आले. प्रत्येक वेळी विचारलं गेलं ते असं : किती मुलं गेली, वजन किती, निधी किती आला, कुणी खाल्ला. हे विचारायलाच हवं होतं. पण या लेखाच्या मथळ्यातला साधा प्रश्न कागदावर फारसा आला नाही. माझं म्हणणं असं की आदिवासी भागातली बालविकासाची अख्खी व्यवस्था या प्रश्नाला बगल देऊन उभी राहिली आहे, म्हणून इतक्या योजनांनंतरही ती त्या पोरीच्या कडेवरच्या पोरापर्यंत पोचत नाही. तिथे धान्याची कमतरता आहेच. पण त्याहून मोठी कमतरता आहे ती दिवसा मोकळ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हातांची.

जरा पोटाचं गणित पाहू. एक-दीड वर्षाच्या मुलाचं पोट लहान असतं. एका बैठकीत ते थोडंच खातं, म्हणून त्याला दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, मऊ आणि थोडं तेल-तूप घातलेलं भरवावं लागतं. भरवायला वेळ लागतो. ज्यांनी लहान मूल वाढवलं आहे त्यांना हे सांगायला नको : काऊचा घास, चिऊचा घास, मग थुंकणं, मग पाणी, मग पुन्हा सुरुवात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा हा काळ. याच काळात उंची खुंटते, आणि एकदा खुंटलेली उंची पुढे खिचडीच्या कितीही ताटांनी सहसा भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश आढळली. हा अख्ख्या राज्याचा आकडा, त्यात पुण्या-मुंबईची मुलंही आली. सातपुड्यातली किंवा सह्याद्रीच्या कुशीतली आदिवासी पाडेवस्ती वेगळी काढली तर काय दिसेल, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता योजनेकडे या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. हेतू चांगला, आराखडा विचारी. पण रचनेत एक फट राहून गेली. तीन ते सहा वयाच्या मुलांना केंद्रात गरम ताजा आहार आणि शाळापूर्व शिक्षण. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांना घरी न्यायचा आहार, म्हणजेच टीएचआर. ज्या वयात मुलाला हात सर्वांत जास्त लागतात, त्या वयात सरकार आईच्या हातात पाकीट देतं आणि हात कुठून आणायचे ते तिच्यावर सोडतं. पाकीट घरी जातं. त्यातला गोडसर शिरा कधी सगळं घर मिळून खातं, कधी चव आवडली नाही म्हणून शेळीला जातो. यावर शहरात लोक हसतात किंवा चिडतात, ‘या लोकांना कळतच नाही’ म्हणतात. स्वतःच्या नातवाला तयार डब्यातली खीर आवडली नाही तर हेच लोक डबा बदलतात.

पाकिटांच्या ठेक्यांचं राजकारण हा वेगळ्या लेखाचा विषय. इतकंच नोंदवतो की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राच्या निविदेतल्या अटी बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत म्हणून ती रद्द करावी लागली. पंधरा वर्षांत आपण किती पुढे आलो, ते यावरून समजावं.

राज्याने एक खरोखर चांगली योजना आणली, ती २०१५ ची अमृत आहार योजना. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण, आणि पुढच्याच वर्षी सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, नाहीतर केळी. अंडं देण्याचा निर्णय सोपा नव्हता. अनेक राज्यांत तो सोवळ्यात अडकतो. इथे तो झाला, त्याबद्दल दाद द्यायला हवी. पण पुन्हा तीच फट : ते अंडं खायला एक वर्षाच्या मुलाला अंगणवाडीत आणायचं कुणी? आणि ओली बाळंतीण खाचरातून दुपारी बाराला उठून तीन किलोमीटर चालत जेवायला येणार, जेवून परत जाणार, आणि मुकादम तिचा दिवस पूर्ण धरणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा मजुरीच्या रांगेत उभं राहून पाहावं.

मग समुपदेशन येतं. भिंतीवर पोस्टर असतं : बाळाला दिवसातून पाच वेळा भरवा. गृहभेट द्या, आईला पटवून द्या, सह्या घ्या. त्या आईला हे माहीत आहे. तिच्या आजीलाही माहीत होतं. पाच वेळा भरवायला ती पाच वेळा तिथे असायला लागते, एवढंच. जिच्याकडे वेळ नाही तिला माहिती देत राहायचं, हा आपल्या आरोग्यशिक्षणाचा जुना खाक्या आहे. त्यातून एक गोष्ट हमखास साधते : मूल खंगलं की दोष आईच्या अडाणीपणावर ढकलता येतो.

गंमत अशी की ही फट ज्यांनी सर्वांत आधी पाहिली आणि बुजवलीही, त्यांच्याच कामातून आपण ‘अंगणवाडी’ हा शब्द घेतला. ताराबाई मोडक दादरच्या शिशुविहारातलं बसलेलं काम सोडून १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बालवाडी थाटली, पण वाडीवस्तीतली मुलं येईनात. तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही, आपली बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घातलं, नखं कापली, गाणी म्हटली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शिंपले, बिया, खडे, पानं यांचीच साधनं केली. इथवरची गोष्ट बालशिक्षणाच्या प्रत्येक भाषणात येते.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांमध्ये गेलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. आणि मुलगे येत नाहीत, कारण गुरं आहेत. गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. आणि मुलींसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात एकत्र आणली, ती विकासवाडी. मुलगी येताना धाकट्याला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसायची. एका पाळण्याने दोन मुलं सुटत होती, हे त्यांनी टेकडीवर बसून ओळखलं, कारण त्या रोज त्या मुली बघत होत्या.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी देशव्यापी योजना आली. तिने अंगणवाडी हे नाव घेतलं, बालवाडीची गाणी घेतली, आणि पाळणा तेवढा कोसबाडलाच ठेवून दिला. मला वाटतं, आदिवासी बालपणाच्या धोरणातली ही सर्वांत महागात पडलेली चूक असावी. तिचा हिशेब कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही.

कायद्यात पाळणा अजिबात नाही असं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली होती की कामावर आलेल्या बायकांची लहान मुलं पाच किंवा जास्त असतील तर त्या बायकांतल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. ही तरतूद कामावर पाळली जाताना मी क्वचित पाहिली आहे. मुलं झाडाखाली, झोळीत किंवा बांधावर असतात, आणि हजेरीपटात पाळणावालीचा रकाना कोरा. केंद्राची पाळणाघर योजना होती. २०१७ नंतर तिच्या खर्चात राज्याने आणि चालवणाऱ्या संस्थेनेही वाटा उचलावा असं ठरलं, आणि ज्या छोट्या संस्था मुळातच पदरमोड करून चालत होत्या त्यांनी कुलपं लावली. आता ‘पालना’ नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना आहे. देशभरात १७,००० ठिकाणी. देशात अंगणवाड्या आहेत साधारण १४ लाख.

शेजारच्या छत्तीसगडने याहून धीट पाऊल टाकलं होतं. बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था आहे. रुग्णालयात येणारी तीच ती खंगलेली मुलं पाहून त्यांनी भोवतालच्या आदिवासी गावांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली. त्यांना ‘फुलवारी’ म्हणतात. गावातलीच एक बाई, एक खोली, दहा-बारा मुलं, दिवसभर. पुढे सरकारने सरगुजा भागात त्याच नावाने कार्यक्रम घेतला, त्यात आयाच पाळीपाळीने मुलं सांभाळत, एकीने आज मजुरी सोडली की बाकीच्या निर्धास्त कामावर. झारखंडात ‘एकजुट’ संस्थेने गावोगाव बायकांच्या बैठका घेतल्या. या बैठकांत कुणी भाषण देत नसे. बायकाच आपल्या गावातल्या बाळंतपणांच्या, गेलेल्या बाळांच्या गोष्टी सांगत, चित्रांच्या पत्त्यांवरून कारणं शोधत आणि उपाय ठरवत. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते.

आणि लांब कशाला जायचं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाला इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. डॉक्टरी जगताने भुवया उंचावल्या. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले : नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. ज्या बाईवर आपण महिन्याभराच्या बाळाच्या इंजेक्शनचा भरवसा ठेवू शकतो, तिच्यावर वाटीभर पेज भरवायचा भरवसा ठेवता येत नाही, असं कुणी म्हणणार असेल तर त्याचा युक्तिवाद मला ऐकायचा आहे.

मी मागतोय ते फार नवं नाही. प्रत्येक पाड्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसभराचं पाळणाघर, निदान आवणीपासून झोडपणीपर्यंत. चालवायच्या पाड्यातल्याच दोन बायका. भाषा घरची. आहार पाड्यातून विकत घेतलेला : नागली, वरई, पाड्यातल्याच कोंबडीची अंडी, पावसाळ्यात रानभाज्या, ओहोळातले मासे-खेकडे. हिशेब ग्रामसभेत, बायकांसमोर. सरकारने पैसे द्यावेत, परिचारिका पाठवावी, वजनकाटा द्यावा, आणि बाकी फार लुडबुड करू नये.

खर्च काढून पाहू. पंधरा मुलं धरा. दोन बायकांना दिवसाला तीनशेप्रमाणे, महिन्याचे २५ दिवस : १५,००० रुपये. मुलामागे दिवसाला ३० रुपयांचा आहार : ११,२५० रुपये. एकूण २६,२५०, म्हणजे मुलामागे महिन्याला १,७५० रुपये. हा माझा घरगुती अंदाज आहे, दर वरखाली करा. पण याची तुलना कशाशी करायची ते नीट ठरवा. मूल अतितीव्र कुपोषित झालं की त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे ठेवतात. आईला सोबत राहावं लागतं, तिचे काही दिवस बुडतात, घरी दुसरी मुलं उघडी पडतात. म्हणून कितीतरी बायका अर्ध्यातून मूल घेऊन निघून येतात, आणि दप्तरी त्यांची नोंद ‘पळून गेली’ अशी होते. जी राहते तिचं मूल वजन घेऊन घरी येतं, त्याच घरी, त्याच बहिणीच्या कडेवर. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेल्याशिवाय व्यवस्थेला जे मूल दिसत नाही, त्या मुलावर आपण शेवटी जास्तच खर्च करतो, फक्त उशिरा.

यावर पहिला आक्षेप येतो तो सेविकांवर बोजा पडेल हा. तो खरा आहे, म्हणूनच हे काम त्यांच्यावर टाकायचं नाही. अंगणवाडी सेविका हा या देशातला सर्वांत स्वस्तात राबवलेला माणूस असेल. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला सर्वोच्च न्यायालयाकडून २०२२ मध्ये मिळवावा लागला. महाराष्ट्रातल्या सेविका २०२३ च्या डिसेंबरात संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांवर चालला. त्यात २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइलवरचं ॲप आलं. ज्या गावात फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते तिथे मुलांची हजेरी, वजन, आधार, आणि आता आहार घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो जुळवणं. फोटो जुळला नाही तर आहार अडतो. उन्हातान्हात रापलेला चेहरा आधार कार्डावरच्या चेहऱ्याशी जुळत नाही, यात चूक कुणाची ते अजून ठरायचं आहे. सेविकेला मुलांकडे बघायला वेळ उरावा असं खरंच वाटत असेल तर आधी तिच्या हातातला फोन थोडा वेळ काढून घ्या.

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो. ‘त्यांच्या अंधश्रद्धा’. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने डागतात, त्याला डंबा म्हणतात. अशा बायकांच्या हाती पाळणाघर द्यायचं? डंबा क्रूर आहे, तो थांबायलाच हवा, त्यात संस्कृती वगैरे काही जपण्यासारखं नाही. पण आई भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, का जाते, तेही पाहा. रात्री दोन वाजता तो उठतो. तो गावातच असतो, कोरकू बोलतो, बाळाला हात लावतो, आईवर खेकसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, गाडी वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि आलीच तर तिथे पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘एवढे दिवस काय करत होतीस?’ मेळघाटातच भूमकांना सोबत घेऊन, आजारी मूल दवाखान्यात पाठवल्याबद्दल मानधन देऊन पाहिलं गेलं आहे. आणि पाळणाघरात जे मूल रोज दहा जणींच्या नजरेसमोर असतं त्याचं फुगलेलं पोट पहिल्याच दिवशी कुणाला तरी दिसतं. एकट्या घरात ते तिसऱ्या दिवशी दिसतं.

भाषेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपण मराठी माणसं इथे जरा बहिरे होतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची बहीण. तिचं मराठीशी नातं नाही. पाण्याला ‘डा’ म्हणणारं तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं आणि भिंतीवर ‘प पाण्याचा’ पाहतं. गोंडी, माडिया द्रविड कुळातल्या. पावरी, भिली, वारली आपल्याला मराठीच्या बोली वाटतात, त्या बोलणाऱ्याला विचारा. सेविका स्थानिक असावी हा नियम आहे, पण ‘स्थानिक’ म्हणजे बहुधा मुख्य गावातली, जरा शिकलेली, आणि अनेकदा दुसऱ्या समाजाची बाई. पाड्यावरच्या पाळणाघरात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे सांभाळणारीच्या तोंडात मुलाच्या आजीची भाषा असते. मूल बोलायला शिकतं त्या वयात कुणी त्याच्याशी बोलणारं असणं, हाही आहारच आहे. शिक्षणाचं नवं धोरण मातृभाषेचा जप करतं, पण त्याची सुरुवात पहिलीच्या पुस्तकापासून करायचं ठरवलं तर कोरकूसाठी तेव्हा उशीर झालेला असतो.

न्यूझीलंडच्या माओरींनी हे १९८२ मध्येच ओळखलं. आपली भाषा मरतेय हे पाहून त्यांनी ‘कोहांगा रेओ’ सुरू केल्या, म्हणजे भाषेची घरटी. आज्या-आजोबा लहानग्यांना दिवसभर फक्त माओरीत सांभाळत, आयाबापे कारभार बघत. काही वर्षांत शेकडो घरटी झाली. पुढे ती शिक्षण खात्याच्या अखत्यारीत गेली, बालवाड्यांचे नेहमीचे निकष लागले, पात्रतेची प्रमाणपत्रं मागितली गेली आणि आज्या मागे पडल्या. २०१२ मध्ये माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाला सांगावं लागलं की सरकारने या चळवळीचं नुकसान केलं आहे. माओरींची परिस्थिती आणि आपली फार वेगळी. तिथे भूक हा मुद्दा नव्हता. पण खातं चांगल्या हेतूने आत आलं की कारभारी बदलतो, एवढा धडा इथेही लागू आहे. म्हणूनच पाळणाघर कुणाच्या नावावर असेल, हे मला मेन्यूइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे ते कुणाच्या नावावर असावं याचं उत्तर कायद्यातच आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्या नियमांनुसार पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो, स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना जातो. हा अबंध निधी, आणि आरोग्य व शिक्षण हे त्यातून खर्च करायच्या ठरलेल्या विषयांत आहेत. अनेक ठिकाणी त्यातून काय होतं? सिमेंटचे रस्ते, सौर दिवे, कमानी. कमान दिसते, फोटोत येते. पाळणाघरात दीड वर्षाचं मूल वाढलं तर त्याचा फोटो कसा काढणार? शिवाय ठेकेदाराला पाळण्यात रस नसतो. गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवानगी स्वतःच्या हातात घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. बांबू-तेंदूतून पैसे मिळवणाऱ्या ग्रामसभा आता आहेत. त्यांच्या अजेंड्यावर मूल येतं का, हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा. ग्रामसभेत बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि मूल सांभाळणं हे त्यांना कामच वाटत नाही. यात आदिवासी-बिगरआदिवासी असा भेद नाही. सदाशिव पेठेतही तेच आहे.

एक अडचण मात्र पाळणाघरानेही सुटत नाही, ती स्थलांतराची. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, नंदुरबारची गुजरातेत उसाला, मेळघाटची जिथे मुकादम नेईल तिथे. कातकरी तर वर्षातला मोठा काळ भट्टीवरच. मूल गावच्या रजिस्टरात असतं आणि प्रत्यक्षात विटांच्या धगीशेजारी. राज्याने २०२२ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली काढली. माग ठेवणं बरंच आहे. पण भट्टीवर पाळणा लागतो, आणि तो भट्टीमालकाच्या खर्चाने लागायला हवा. कारण त्या आईच्या मजुरीत मुलाचे तासही त्याने विकत घेतलेले असतात, फक्त त्यांचे पैसे दिलेले नसतात.

गावचं पाळणाघर तोवर थांबवायचं कारण नाही. महाराष्ट्रात १ मेला ग्रामसभा असते. आवणी सुरू होते जूनच्या शेवटी, जुलैत. मध्ये आठेक आठवडे मिळतात. खोली शोधायला ते पुरे आहेत, बहुतेक पाड्यांवर एखादं समाजमंदिर धूळ खात पडलेलं असतंच. पत्र्याखाली ऊन फार, तर वर पेंढा टाकावा. दोन बायका कोण हे पाड्यातल्या आया बसून ठरवतील, त्यांना माहीत असतं कुणाकडे पोर रडत नाही. चूल, दोन पातेली, दहा-बारा झोळ्यांची कापडं, साबण, हिशेबाची एक वही. अंडी कोण देणार त्याचं नाव आणि दर ठरावातच लिहून ठेवावा, म्हणजे ऑगस्टमध्ये भाव चढला की वाद होत नाही.